दुसरं मशीन नको

सायखेड्यात कुसाबाईच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. मळ्यात फुलं खुडताना तिची जीभ हाताच्या पुढं पळायची. फक्त दवाखान्यातलं मशीन दिसलं की बाई मुकी. कारण गावाला ठाऊक होतं. पहिल्या पोरीनंतर सासऱ्यानं तिला नाशकात नेऊन पोटावर मशीन फिरवून घेतलं होतं. घरी येताना पोट रिकामं.

सून वेदिकाला आठव्या महिन्यात सोनोग्राफीला नेलं, तेव्हा कुसाबाई संगं होती. डॉक्टरीणबाई लय वेळ एकाच जागी थांबल्या. पडद्यावर बाळाच्या डोक्यात मधोमध काळी पिशवी. बटण दाबलं तशी ती लाल-निळ्या रंगानं भोवऱ्यावानी फिरायला लागली.

"मावशी, बाळाच्या मेंदूतली रक्ताची शीर फुगलीय. जन्मल्यावर हृदयाला ते झेपणार नाही. आधी पोटातल्या बाळाचा एमआरआय करू, मेंदू किती शाबूत आहे ते कळेल. बाळंतपण मुंबईला करा. तिथं बारीक नळी घालून ती शीर बंद करतात."

बाहेर आल्यावर कुसाबाईला वाचा फुटली. "दुसरं मशीन नको! मलाबी असंच सांगितलं व्हतं, बाळात दोष हाय म्हणून. ह्यांना पोरगी दिसली, दुसरं काय!"

"आई, आता कायदा हाय," पोरगा रविराज म्हणाला. "भिंतीवर येवढी मोठी पाटी हाय."

"पाटी तवाबी व्हती."

"आत्याबाई, करून घेऊ ना," वेदिका रडकुंडीला आली.

"तुझ्या पोरीला कुणाला हात लावू देणार नाय मी. चल घरी."

रविराज आईच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता. त्यानं गाडी घराकडं वळवली.

बाळंतपण तालुक्याला झालं. पोरगीच. आमच्याकडं पोरीला बर्फी वाटतात, पोराला पेढे. नातीला घरी आणल्यावर कुसाबाईनं मुद्दाम पेढे वाटले, तेबी घरोघर. ती वाटून परत येते तर पोर धापा टाकतीय, अंगावर पीत नाय. तशीच नाशकात पळवली.

तिथल्या डॉक्टरनं पोरीच्या टाळूवर मशीन टेकवलं. ज्या टाळूवर कुसाबाई तेल भरणार होती, तिच्यावर. पडद्यावर तीच पिशवी, तसंच लाल-निळं. कुसाबाईनं लगेच वळखलं.

"आधी कुणाला दिसलं नव्हतं हे?" डॉक्टरनं विचारलं.

"दिसलं व्हतं," वेदिका म्हणाली. कुणाकडं न बघता.

मुंबईची गाडी सांगितली. गाडी दारात लागायच्या आत पोरीचं काळीज थांबलं.

सुतक फिटल्यावर कुसाबाई मळ्यात उतरली. बांधापलीकडून शेजारची चंद्रभागा दुसरीला सांगत होती, आवाज मुद्दाम चढवून. "पोरगी व्हती ना, मंग कशाला नेतीय मुंबईला! पेढे वाटायचं नाटक तेवढं केलं. पक्की बाई हाय."

एरवी कुसाबाईनं बांध ओलांडून झिंज्या धरल्या असत्या. आता ती खाली मान घालून फुलं खुडत राहिली.

वेदिका शेजारच्याच सरीत होती. तिनंबी सगळं ऐकलं. सासूच्या बाजूनं ती एक शब्द बोलली नाय.