बाड आणि बार

ती झडती आजही आठवते, आणि आठवली की मान वर होत नाही. हैदराबाद संस्थानातली पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कुंभार पिंपळगावच्या बाजूच्या एका ठाण्यात मी अमीन, म्हणजे आताच्या भाषेत फौजदार होतो. दफ्तर अजून उर्दूतच चाले. माझं शिक्षणही उर्दूतलं, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

एका गावच्या पाटलानं खबर दिली. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला एक शाहीर विहिरीच्या पाण्यावरून लोकांना भडकावतो, आणि त्याच्या घरात जे लपवलंय त्यानं गाव पेटेल. मुन्शीनं रोजनामच्यात लिहून घेतलं. मी वाचलं, घरात 'बार' आहे. बार म्हणजे बंदुकीची दारू. चोरटी हत्यारं शोधण्याचेच ते दिवस, त्यामुळे चार शिपाई घेऊन लगेच निघालो.

घर उचकलं, चूल खणली, कणगी उपडी केली. काही सापडेना. शाहिराला ठाण्यात आणलं. बार कुठंय, हे मी विचारत राहिलो आणि तो एकच सांगत राहिला, "बाड हाय साहेब माझ्याकडं. बार न्हाई."

मला वाटलं, गडी शब्दांशी खेळतोय. डफ वाजवणाऱ्या त्याच्या बोटांवर मी छडी चालवली. शिपायाला सांगितलं नाही, स्वतः चालवली.

दुपारी त्याची बायको आली. कापडात बांधलेली एक वही तिनं टेबलावर ठेवली. "हेच ते बाड. मालकाला सोडा आता."

शाहिराची गाणी उतरवलेली वही म्हणजे बाड. रोजनामचा पुन्हा उघडला. उर्दूत र आणि ड यांत फरक असतो तो वरच्या एका बारीक खुणेचा. मुन्शीनं खूण केली होती. मीच घाईत पाहिली नव्हती.

माणसाला सोडलं. वही मात्र ठेवून घेतली. झडती फुकट गेली असं वर कळवायची लाज वाटली, म्हणून 'भडकाऊ मजकूर' असा शेरा मारून ती मुद्देमालात टाकली. जाताना तो म्हणाला, "दुसरी नक्कल न्हाई साहेब." पुढं जुना मुद्देमाल जाळला, त्यात तीही गेली. जाळण्याच्या हुकमावर माझीच सही आहे.

काही वर्षांनी त्याच गावात बंदोबस्ताला गेलो. वस्तीतल्या बायका पहिल्यांदाच गावच्या विहिरीवर पाणी भरणार होत्या. पोहरे सोडता सोडता त्या गाऊ लागल्या. जाळलेलं सगळं त्यांना तोंडपाठ होतं. शाहीर गात होता, पण डफ दुसऱ्याच्या हातात होता.

शेवटी एक नवं कडवं आलं. बार शोधायला अमीन आला आणि बाड घेऊन पळाला. लोक हसले. शाहिराची नजर माझ्यावर पडली, त्यानं मला बरोबर ओळखलं. पण नाव घेतलं नाही.

गाण्यांना भ्यायला हवं, एवढं पाटलाला कळलं होतं. शिकलेल्या मला ते कळायला ती विहीर पाहावी लागली.

या आठवणीत मीही कुणाचं नाव लिहिलेलं नाही. पण त्यानं माझी अब्रू झाकली होती, आणि मी अजूनही माझीच झाकतो आहे.