गणपतीनंतरचे पेशंट

स्पृहा माझं ऐकेल, ही धास्ती काही केल्या जात नाही. बाकीच्या आयांना उलटी काळजी असते.

माझी मुलगी सत्तावीस वर्षांची. परळच्या एका हॉस्पिटलात दम्याच्या नव्या औषधाची चाचणी ऐन गणपतीत सुरू झाली, तिथली आकडेमोड तिच्याकडे आहे. राहते दादरला मैत्रिणीबरोबर, रविवारी गिरगावात घरी येते. लहानपणी गॅलरीत कॅरम खेळताना बोट लागून सोंगटी हलली, तर कुणी पाहिलेलं नसलं तरी स्वतःच "फाउल!" म्हणायची. पोरं चिडवायची, "आली हरिश्चंद्राची आत्या!"

गेल्या रविवारी जेवताना खुशीत होती. चाचणीत आधी जुनं आणि नवं औषध निम्म्यानिम्म्या पेशंटना देतात. मग ज्याचा गुण जास्त दिसेल, त्याच्याकडे कॉम्प्युटर पुढचे पेशंट जास्त पाठवतो. नवं औषध बरंच पुढे होतं.

मी सहज विचारलं, "गणपतीत कोण गं येतं, लालबागची गर्दी तुडवत?"

"ज्याला श्वासच घेता येत नाही, तोच."

"आणि विसर्जनानंतर?"

"मग काय, साधी धाप लागलेलेसुद्धा..." घास तिच्या हातातच राहिला.

काल संध्याकाळी तिचा फोन आला. "आई, महिन्यामहिन्याने वेगळं करून पाहिलं. दोन्ही औषधं सारखीच आहेत गं. गणपतीतले अत्यवस्थ पेशंट निम्मेनिम्मे वाटले गेले. तेव्हा योगायोगाने नवं जरा पुढे दिसलं, म्हणून नंतरचे साधी धाप लागलेले पेशंट चारातले तीन नव्या औषधाला गेले. त्याला सोपे पेशंट मिळाले, एवढंच."

"सरांना सांगितलंस?"

"अजित सर म्हणाले, सणवार बघत बसलो तर औषधं निघायचीच नाहीत. गुरुवारी अहवाल जातोय. माझी सही लागते."

पुढच्या महिन्यात ती नोकरीत कायम होणार. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग कर सही. कायम झालीस की बोल काय ते."

ती "बरं" म्हणाली.

आज जिन्यात शेजारच्या कांतावहिनी भेटल्या. त्यांना दम्याचा जुना त्रास, सध्याच्या औषधाने बऱ्या आहेत. "स्पृहाचं नवं औषध आलं की तेच घेणार हो मी," म्हणाल्या. माझ्याने मान वर करवली नाही.

उद्या गुरुवार. ती आठला घर सोडते. साडेसातला फोन करणार आहे. सही करू नकोस म्हणून सांगेन, आणि कालचा फाउल माझा होता, हेही.