मैदानावरचा तास

बिरदेव कोळेकर सरांना खुर्ची सोसत नसे. सांगलीबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते तिसऱ्या वर्षाला इंग्रजी शिकवायचे, आणि फळा ते खिडकी, खिडकी ते दार अशा त्यांच्या इतक्या फेऱ्या व्हायच्या की पहिल्या बाकावरच्या पोरांच्या माना अवघडायच्या. पोरांनी त्यांचं नाव भिंगरी ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं. आटपाडीकडचं मेंढक्यांचं घर, आजा-पणजा कधी एका जागी टिकले नाहीत, मग नातवानं तरी कुठून टिकावं?

पोरंही अवघड मिळाली होती. अगदी कच्ची असती तर बरं झालं असतं. यांना इंग्रजी यायचं. जाडजूड पुस्तकं वाचायची, पेपर नीट लिहायची, इंग्रजी सिनेमाला योग्य जागी हसायची. तोंड उघडायची वेळ आली की मात्र रहिमतपूरचा असो नाहीतर शिराळ्याचा, जो तो आपल्या बुटांकडे बघायचा. बसलेल्या माणसाची जीभही बसते, असं सरांचं ठाम मत झालं. कळपामागं चालताना माणसं समोर बघत बोलतात, एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, म्हणून नको नको ते बोलून जातात. सरांनी पोरांच्या जोड्या लावल्या आणि तास मैदानावर नेला. फेऱ्या मारायच्या, समोर बघायचं, इंग्रजीत बोलायचं. पोरं बोलायला लागली.

विभागप्रमुख शरयू मॅडम वाईच्या. शिस्तीला कडक, मनानं भल्या. "सर, गुरुवारी तपासणी समिती येतेय," त्यांनी बजावलं. "त्या दिवशी तरी वर्ग वर्गात दिसू दे. तुमची नेमणूक एकेका वर्षाच्या करारावर आहे. पुन्हा तुमच्यासाठी भांडायला मला तोंड राहणार नाही."

सर हो म्हणाले. घरी बायकोला, सोनियालाही तसा शब्द दिला. गावाकडून बिऱ्हाड उचलून आणलेली सोनिया आता कुठं सांगलीत रुळली होती.

गुरुवारी समिती दुपारी येणार होती, म्हणून सकाळचा तास सरांनी मैदानावर घेतलाच. खोड दुसरं काय. विश्वजितचा जोडीदार आला नव्हता, तेव्हा सर स्वतः त्याच्याबरोबर निघाले. जतकडचं हे पोरगं वर्षभर हजेरीपलीकडे एक शब्द बोललं नव्हतं. त्याचे वडील नानासो अधूनमधून मॅडमना भेटायला यायचे आणि पोराला सांभाळा म्हणून हात जोडायचे.

अर्धी फेरी मुकाट्यानं झाली. मग विश्वजित अडखळत इंग्रजीत बोलू लागला. थोरला भाऊ अमृत याच कॉलेजात होता. मोटारसायकलवरून येताना गेला. वर्षश्राद्ध झालं आणि वडिलांनी ह्याला त्याच शाखेत घातलं. अमृतचीच पुस्तकं, अमृतचीच खोली. आई कधीकधी हाकही अमृत म्हणूनच मारते, आणि हा ओ देतो.

तेवढ्यात फाटकातून समितीची गाडी आत शिरली. भल्या सकाळीच. बाकीची पोरं वर्गाकडे पळाली. सरांच्या खिशात फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. आता ह्याला थांबवावं, उद्या बोलू म्हणावं. पण हा उद्या बोलणार नाही, हे त्यांना पक्कं कळत होतं. विश्वजित समोर बघत चाललाच होता. सरांनी खिशात हात घालून फोन बंद केला आणि त्याच्याबरोबर पुढची फेरी धरली.

सगळं बोलून झाल्यावर तो मराठीवर आला. "आमच्या भाषेत बोललो असतो तर रडलो असतो, सर. इंग्रजीत आपलं कोण न्हाई, म्हणून जमलं. आमच्या वडलांस्नी सांगू नका."

"न्हाई सांगत गड्या," सर म्हणाले.

समिती गेल्यावर मॅडमनी बोलावून घेतलं. सरांविना वर्ग दाखवताना त्यांचा चेहरा पडला होता, तो अजून तसाच होता. "बाकीची मुलं धावत आली, तुम्ही दोघं का नाही? तो मुलगा काही अडचणीत होता का? सांगा, मी वर तसं कळवते. काहीतरी द्या माझ्या हातात, सर."

अडचणीत होता, एवढं म्हटलं तरी नोकरी वाचत होती. पण मॅडम भल्या होत्या, म्हणजे संध्याकाळच्या आत नानासोंना फोन लावणार. सरांच्या डोळ्यांपुढे सोनिया आली.

"पावसापाण्याचं बोलत होता, मॅडम."

"पावसापाण्यासाठी तुम्ही नोकरी घालवलीत?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग त्याच जरा नरमल्या. "बरं, बोलला कसा? इंग्रजी कसं होतं त्याचं?"

"चांगलं होतं," सर म्हणाले, आणि आपल्या बुटांकडे बघायला लागले.