ढोल दाराबाहेर गेला

लग्नाच्या बँडात मी ढोल वाजवायचो. बाकीच्या वाद्यांना डोकं लागतं म्हणून मला ढोल. शाळेत मी एकदाच गेलो, कौलं बदलायला, आणि तिथूनही खाली पडलो.

जळगावात बँड पुष्कळ, पण आमचा सगळ्यात जुना. फुंकणाऱ्यांतल्या निम्म्यांचे दात गेलेले, उरलेल्यांचे हलत होते. आमचे मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे, त्यांना आम्ही नाना म्हणायचो. नानांनी स्वतःची एक धून बसवली होती. पण वरातीत ती वाजवू कोण देणार? पोरं सिनेमाचं गाणं मागायची. नानांचं दुखणं आणखी वेगळंच होतं.

"भो," ते मला म्हणाले, "जलमभर बँडना पुढे चालनू. पण आपला बँड लांबून कसा वाजस, हाई माले माहीत नहीं."

मी म्हटलं, "नाना, मी तर जवळूनपण ऐकला नाही. मला नुसता ढोलच ऐकू येतो."

"आमलेबी तोच ऐकू येस," नाना म्हणाले.

मग कळलं, धुळ्याच्या एका कापडवाल्या शेठच्या जावयाकडे टेपचं यंत्र आलंय. त्याच्या वरातीत आम्हीच वाजवलं होतं. तो एका दिवसासाठी यायला कबूल झाला आणि आमच्या बँडात अशी काही धांदल उडाली, जसं आमचंच लग्न ठरलंय. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे दिवस, लग्नं अजून लागायची होती. सगळ्यांनी पितळ घासून चकाचक केलं. मी ढोलाला तेल लावलं. नाना म्हणाले, "भो, यंत्रले दिसत नहीं." तरी मी टोपीलापण ब्रश मारला.

जावईबापूंना आणायला मी धुळ्याला गेलो. एसटीत त्यांना खिडकी दिली आणि यंत्र मांडीवर घेतलं. पारोळ्यापर्यंत मांडी बधिर झाली, एरंडोलला तर ती माझी आहे की शेजारच्याची तेच कळेना. कंडक्टर म्हणाला, "हे काय शे?"

"आमचा बँड," मी म्हटलं. "अजून यात बसायचाय."

मेहरूणच्या बाजूला कापसातली सरकी काढायचं एक जिन होतं. हंगाम संपल्यामुळे शेड रिकामी होती. जावईबापूंनी माइक मधोमध टांगला आणि आम्हाला गोल करून खुर्च्यांवर बसवलं. इथंच घोटाळा झाला. आम्ही जन्मात कधी बसून वाजवलं नव्हतं. पाय हलले नाहीत तर ठेकाच सापडेना. एक कर्णा आधी, दुसरा नंतर, आणि मी दोघांच्या मधे कुठंतरी. जावईबापू फीत उलटी फिरवायचे, पुन्हा सुरू करायचे, घड्याळ बघायचे. त्यांना संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं होतं.

नानांचं तोंड उतरलं. मग ते एकदम उठले. "खुर्च्या काढा. चाला."

माइकभोवती आम्ही गोल चालायला लागलो आणि काय सांगू, बँड सुटला. पत्रे थरथरायला लागले. नाना पुढे, मी सगळ्यात मागे. डोळे आपोआप मिटले. पण वरात कधी गोल फिरत नाही, सरळ जाते. मीही सरळ गेलो. डोळे उघडले तर मी अंगणात, समोर राखणदाराची म्हैस. बँड आत वळून गेलेला. थांबलो तर सगळ्यांची मेहनत पाण्यात, म्हणून वाजवतच माघारी पळालो. म्हैसही थोडी मागे आली, पण तिला दारात अडवलं.

धून संपली. एक कर्णेवाला मला म्हणाला, "भो, बरातीत नवरदेव हरवला ऐकलं होतं, ढोल हरवलेला आज पाहिला."

जावईबापूंनी टेप लावली. आधी ढोलच ढोल, बाकी सगळे त्याच्याखाली दबलेले. मग ढोल हळूहळू लांब गेला. आणि त्या मोकळ्या जागेत नानांचं क्लॅरिनेट आलं. इतकं गोड, की मी शेजाऱ्याला विचारलं, "हे कोण वाजवतंय?" इतकी वर्षं मी त्यांच्या मागे चाललो आणि मला ते ठाऊकच नव्हतं.

नानांनी ऐकून घेतलं. मान खाली. मग म्हणाले, "बापू, पुन्हा लावा. मी फाटकात जास."

ते अंगण ओलांडून पार फाटकापर्यंत गेले आणि आमच्याकडे तोंड करून उभे राहिले, गल्लीतल्या लोकांसारखे. जावईबापूंनी गाडीचा विचार सोडला आणि टेप पुन्हा लावली. आम्ही कोणी टेप ऐकतच नव्हतो, सगळे नानांकडे बघत होतो. क्लॅरिनेटचा भाग आला तसे नाना एक पाऊल पुढे आले. मग ढोल माघारी आला, धडाधड.

फाटकातून नानांनी हात वर केला आणि पंजा खाली दाबला. ढोल हळू.

मी लगेच हळू केला. हातात काठी नव्हती, तरी.