टकल्या राजाचे डबे

नवऱ्याचा कोट खुंटीला लावण्याआधी मी त्याचा वास घ्यायची. उगाच नाही. पोरगा तान्हा असताना ह्यांच्या बिडीची ठिणगी गोधडीवर पडली, गोधडी धुमसली आणि पोर थोडक्यात वाचलं. तेव्हा ह्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, "आजपासून तंबाखूले हात नाही लावणार." दोन लेकरं गमावून हाती लागलेलं ते एकच पोर. त्याच्या डोक्यावरची शपथ मोडली तर काय होतं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नसे.

पुढे हे सालेकशाला पार्सलबाबू म्हणून आले आणि आम्हाला रेल्वेचं क्वार्टर मिळालं. तिथे आल्यावर कोटाला एक गोडसर वास येऊ लागला. विचारलं तर म्हणाले, "गोऱ्या साहेबाच्या डब्यात गेलो होतो, त्याच्या चिरुटाचा असन." साहेब काय रोजच येत होता? माझ्या मनात पाल चुकचुकलीच.

त्या हिवाळ्यात पोराला हिवतापाने धरलं. कोयनेल चालू होतं तरी ताप हटेना. ह्यांनी गोंदियाहून संत्री आणली. स्वतः सोलायचे, शिरा काढून एकेक फोड पोराच्या तोंडात घालायचे. मी साली उचलायला गेले तर म्हणाले, "राहू दे, मीच टाकतो." एवढी माया पाहून मलाच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी पोराला हुडहुडी भरली म्हणून मी जुनं घोंगडं काढायला स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर चढले. तर मागे, भिंतीला लागून, तीन चपटे डबे! झाकणावर इंग्रजी अक्षरं, पाइपाचं चित्र आणि राजाचा चेहरा. माझं डोकंच फिरलं. इकडे लेकरू तापाने फणफणतंय आणि बापाने तंबाखू दडवून ठेवलीय!

पोरावर घोंगडं टाकलं आणि डबे घेऊन तशीच ह्यांच्यापुढे उभी राहिले. "हे काय होय जी?"

"मले काय माहीत? आपल्या आधी गोरा गार्ड राहत होता इथं. त्याचे असतील."

"त्याचे असतील, त तुमी काऊन घाबरून राहिले?"

"तू रोज माहा कोट हुंगून राहिली. माणूस घाबरणार नाही त काय?"

नुसत्या शब्दावर विसंबणारी मी नव्हे. इंग्रजी येत नव्हतं, पण राजे ओळखता येत होते. आमच्याकडे बायका रुपयाला कडी लावून माळ करून घालत. आईने दिलेली तशी माळ माझ्या गळ्यात होती. ती काढून उजेडात धरली आणि एकेक रुपया झाकणाशी लावून पाहिला. राणी नाही. हल्लीचा मुकुटवाला राजा नाही. मधला, टक्कल आणि दाढीवाला, तोच! मी पाळण्यात होते तेव्हाचा राजा तो. म्हणजे डबे आमच्या लग्नाच्याही आधीचे, गार्डच विसरून गेला असणार. अगं बाई, कशी हलकी झाले मी! ह्यांना म्हटलं, "चुकलंच जी माहं." हे पोराच्या उशाशी बसून नुसते हसले.

डबे चुलीत रिकामे करावेत म्हणून आत नेले. दोन डब्यांची झाकणं गंजून घट्ट बसली होती. तिसऱ्याचं मात्र बोट लावताच उघडलं. इतक्या वर्षांची तंबाखू, तिचा भुगा झाला असेल असं वाटलेलं. कुठलं काय! मऊ, ओलसर, आणि वास अगदी कोटाचा. वरच संत्र्याची साल ठेवलेली. वाळलेली तंबाखू नरम करायला लोक अशी ओली साल घालतात, माझे वडीलही घालायचे. मी ती बोटांत दाबली तर रस सुटला. डबा टकल्या राजाचा असेना का, साल माझ्या पोराच्या संत्र्याची होती.

साल घेऊन बाहेर आले आणि ह्यांच्यापुढे धरली. ह्यांचा चेहरा पार उतरला. "तेंदूच्या पानात गुंडाळून दोन-चारच ओढल्या वो," म्हणाले. मग डोळ्यांत पाणी आलं. "आता पुन्हा शपथ घेतो, पक्की शपथ," असं म्हणत त्यांनी हात पोराच्या तापलेल्या कपाळाकडे नेला.

मी मनगट धरून तो मागे ओढला.

"माह्या लेकराच्या डोक्याले हात नका लावू!"