दोन साडू, एक स्कूटर

हैदराबादच्या विमानतळावर रांगेत माझ्या पुढे उभे असलेले गृहस्थ बॅगेला बांधलेली सुतळी तपासायला वाकले, सरळ झाले, मागे वळले, आणि ते माझे साडू दत्तराव निघाले. सात वर्षांत आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नव्हतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, मग आम्ही दोघांनी आपापल्या बायकांकडे पाहिलं. त्या दोघी बहिणी एकमेकींचे नवे बूट न्याहाळत उभ्या होत्या.

"मंगल, हे काय?" मी विचारलं.

"काय म्हणजे? उषा आलीय. तिच्यासोबत तिचा नवरा येणारच की."

इटलीत स्कूटरवरून पाच दिवस गावोगाव हिंडायचं, ही सहल आमच्या मुलीने ठरवली होती. लातूरच्या शाळेत एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला. फळ्यावर इटलीचा बूट इतक्यांदा काढला की डोळे मिटूनही काढता येईल. तो बूट एकदा जवळून बघावा म्हणून मी हो म्हटलं होतं. दत्तराव येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी येणार हे त्यांना.

भांडणाचं कारण सांगायला मला आजही लाज वाटते. ह्याच मुलीच्या लग्नाची पत्रिका छापली, तेव्हा निमंत्रकांच्या यादीत साडूंचं नाव 'कै. दत्तराव' असं आलं. कच्ची प्रत मी स्वतः तपासली होती, लाल पेनाने. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, आणि जिवंत माणसाला कैलासवासी केलेलं माझ्या नजरेतून सुटलं. मुदखेडजवळ त्यांची केळी आणि हळद आहे. तिथे लोक सांत्वनाला आले. दार दत्तरावांनीच उघडलं. मी फोन करून म्हणालो, "चूक छापखान्याची आहे." त्यांनी फोन ठेवला, तो कायमचा.

दोन विमानं बदलून आम्ही फ्लोरेन्सला उतरलो आणि तिथून गाडीने तोस्कानाच्या टेकड्यांत गेलो. बालाघाटच्या डोंगररांगांना कुणी तरी तेल लावून, कंगवा फिरवून, भांग पाडून बसवावं, तसा तो मुलूख होता. एका उतारावर द्राक्षाच्या ओळी, दुसऱ्यावर ऑलिव्हची झाडं, माथ्यावर सुरूसारखी उंच, काळपट झाडं पहाऱ्याला. मी खिडकीतून सगळ्यांना समजेल असं मोठ्याने म्हणालो, "ही भूमध्य सागरी वनस्पती." दत्तरावांनी खिडकीची काच वर केली. वाऱ्यासाठी असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका शेतघराच्या अंगणात परीक्षा झाली. आमची वाटाडी जुलिया नावाची उंच, किडकिडीत बाई होती. अंगात पिवळंजर्द जाकीट. गटात आम्ही चौघं आणि दोन डच जोडपी. जुलियाने अंगणात प्लॅस्टिकचे शंकू मांडले आणि त्यांच्यातून नागमोडी स्कूटर नेऊन दाखवायला सांगितलं.

माझा सगळा अनुभव गिअरच्या जुन्या स्कूटरचा. ह्या स्कूटरला गिअर नव्हते, पण माझ्या डाव्या हाताला ते कोण सांगणार? मी क्लच समजून डावी मूठ आवळली. तो निघाला ब्रेक. स्कूटर गचका खाऊन थांबली. घाबरून मी उजवी मूठ पिळली. दोन शंकू आडवे झाले, तिसरा पुढच्या चाकात अडकून माझ्यासोबत निघाला आणि आम्ही दोघं कोंबड्यांच्या जाळीत शिरलो. एक कोंबडी माझ्या हेल्मेटवर बसली. ती उडेना. तिला तिथे बरं वाटत असावं.

"पिआनो, पिआनो (हळू, हळू)," जुलिया धावत आली. ते मला होतं की कोंबडीला, कळलं नाही.

मग मंगलची पाळी आली. ती आरोग्यसेविका होती. शिरूर अनंतपाळच्या आसपासच्या वाड्या-वस्त्या तिने लसींचा डबा पायाशी ठेवून पंचवीस वर्षं स्कूटरवर पालथ्या घातल्या आहेत. शंकूंतून ती अशी गेली की डच लोकांनी टाळ्या वाजवल्या. उषा लगेच तिच्या मागे जाऊन बसली, बहुधा घरूनच ठरवून आली होती.

"मग मी?" मी विचारलं.

जुलियाने बोटाने दाखवलं. दत्तराव परीक्षा पास होऊन स्कूटरवर एकटेच बसले होते. मागची जागा मोकळी होती.

साठी उलटलेल्या, एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन पुरुषांना एका स्कूटरवर बसवलं की काय होतं, ते सांगतो. हात कुठे ठेवायचे हा पहिला प्रश्न. मी स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले. पहिल्याच वळणावर ते त्यांच्या खांद्यावर गेले, दुसऱ्या वळणावर कमरेला. तिसऱ्या वळणावर मी त्यांना चक्क मिठी मारली होती. तोंडं मात्र दोघांची घट्ट बंद.

त्यात हेल्मेटच्या आत बोलायची यंत्रं होती. सगळा गट एकमेकांना ऐकू शके. न बोलणाऱ्या माणसाचा श्वास थेट कानात ऐकू येणं हा विचित्र प्रकार असतो. दत्तराव माझ्याशी बोलत नव्हते, पण रानाशी बोलत होते. "लई मेहनत केलीय ह्यांनी." "एकबी माणूस दिसंना रानात, कोण करायलाय हे सगळं?" मलाही उत्तरं द्यायची होती. मी ती सामान्य ज्ञान म्हणून हवेत सोडत होतो. "इथल्या शेतीत यांत्रिकीकरण झालेलं आहे." त्यावर दत्तराव एका ऑलिव्हच्या झाडाला म्हणाले, "हाव का?"

दुपारी एका खानावळीत रिबोल्लिता (पाव आणि घेवडा घालून केलेलं दाट कालवण) मिळालं. सोबतच्या पावाचा घास घेऊन दत्तराव थबकले. त्यांनी उषाला सांगितलं, उषाने मंगलला, मंगलने जुलियाला, की आचारी मीठ विसरलाय. जुलिया म्हणाली, आमच्याकडे पाव अळणीच करतात, शेकडो वर्षांपासून. दत्तरावांनी पिशवीतून कारळाच्या चटणीची बरणी काढली आणि पावावर लावून सगळ्यांना वाटली. डच मंडळींना दिली, जुलियाला दिली, वाढणाऱ्या बाईलाही दिली. माझ्यापाशी आल्यावर बरणी टेबलावर, माझ्या हाताला येईल अशी ठेवली आणि दुसरीकडे बघू लागले. मी घेतली. फार चांगली होती, पण ते सांगणार कुणाला?

तिसऱ्या दिवशी सान जिमिन्यानो पाहिलं. एवढंसं गाव आणि त्यात दगडी मनोरेच मनोरे. जुलिया सांगू लागली, "इथल्या श्रीमंत घराण्यांची आपसात भांडणं. एकाने मनोरा बांधला की दुसरा त्याहून उंच बांधायचा. वर राहायला जागा नाही, उपयोग काही नाही. फक्त समोरच्याला दिसावा म्हणून." मी त्याचं मराठी करून आमच्या लोकांना सांगत होतो. सांगता सांगता माझा आवाज बारीक झाला. मंगल आणि उषा मनोऱ्यांकडे बघत नव्हत्या, आमच्याकडे बघत होत्या.

रात्री झोप नीट लागली नाही. चौथ्या दिवशी, रविवारी, एका चढणीवर माझ्या मनाने घेतलं. समोर फक्त दत्तरावांची पाठ होती. पाठीशी बोलणं तोंडाशी बोलण्याहून सोपं असतं.

"दत्तराव," मी हेल्मेटमध्ये म्हणालो, "चूक छापखान्याची नव्हती. प्रत मी तपासली होती. तुमच्या नावापुढचं 'कै.' मला दिसायला हवं होतं. नंतर कळलं तेव्हा यायला हवं होतं, तेही आलो नाही. माझं चुकलं."

स्कूटर तशीच चढत राहिली. एवढं बोलून उत्तर येऊ नये, ह्याचं मला इतकं वाईट वाटलं की पुढच्या चौकातल्या गोल वळशावर आमच्या गटाने कोणता रस्ता धरला, ते मी पाहिलंच नाही. दत्तराव पुढच्या पिवळ्या जाकिटामागे निघाले.

ते पिवळं जाकीट भलतंच वेगात होतं. डांबरी रस्ता संपला, मुरूम लागला, कानातले गटाचे आवाज विरले. ते वळलं, आम्ही वळलो. त्याने मागे पाहिलं आणि वेग वाढवला. दत्तरावांनीही वाढवला. शेवटी ते एका घराच्या अंगणात शिरलं, तसे आम्हीही शिरलो. हेल्मेट निघालं. आत जुलिया नव्हती. पन्नाशीची, तांबड्या गालांची, अनोळखी बाई होती आणि तिच्या हातात पाना होता.

तुतीच्या झाडाखाली लांबलचक टेबलावर पंधरा-सोळा माणसं जेवायला बसली होती. सगळ्यांचे काटे तोंडापाशी थांबले.

मी हात जोडले आणि इंग्रजीत म्हणालो, "क्षमा करा, आम्ही चुकून तुमच्या मागे आलो."

"किती दुरून?" तिने विचारलं.

"लातूरहून," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिचं नाव पाओला. ती जनावरांची डॉक्टर होती, एका गाईची अडलेली वेण मोकळी करून घरी परतत होती. हे कळल्याबरोबर दत्तरावांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "गाय कशी हाय म्हणावं? कालवड झाली का गोऱ्हा?" मी विचारलं. कालवड झाली होती. दत्तरावांनी समाधानाने मान हलवली आणि त्या एका प्रश्नावर आम्हाला खुर्च्या मिळाल्या. पाओलाने जुलियाला फोन लावला. तासाभरात येते म्हणाली. तोवर आमच्या पुढ्यात पिची (हाताने वळलेल्या जाड शेवया) लसूण-टोमॅटोच्या रश्श्यात येऊन पडल्या.

टेबलाच्या टोकाला पाओलाचे वडील बसले होते. नाव रेन्झो, भुवया कणसाच्या केसांसारख्या. त्यांनी पाओलामार्फत विचारलं, "तुम्ही दोघं भाऊ?"

"नाही. आमच्या बायका बहिणी आहेत," मी म्हणालो. "इंग्रजीत ह्याला शब्द नाही."

"इंग्रजीत नसेल!" म्हातारा टेबलावर थाप मारून ओरडला. "कोन्कोन्यातो!"

त्यांच्या भाषेत साडूला सरळ स्वतंत्र शब्द होता. एकतीस वर्षं मी तो देश फळ्यावर काढला आणि एवढं मला ठाऊक नव्हतं. मग रेन्झोने काटा उगारून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसलेल्या टकल्या म्हाताऱ्याकडे रोखला. "तो माझा. एत्तोरे. अकरा वर्षं बोललेलो नाही."

"मग एका टेबलावर कसे?" मी विचारलं.

"बायका," रेन्झो म्हणाला.

मी हे दत्तरावांना मराठीत सांगितलं. थेट त्यांना. सांगून झाल्यावर लक्षात आलं, आणि तसंच पुढे म्हणालो, "घाटात एवढं बोललो, तुम्ही काहीच बोलला नाहीत."

दत्तरावांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "कवा बोललाव? माझं यंत्र सकाळपासून बंदच हाय."

आता ते पुन्हा म्हणायचं होतं. समोर तोंड, आजूबाजूला सोळा इटालियन. मी म्हणालो. शब्द घाटातल्यासारखे नीट आले नाहीत. 'कै.' म्हणताना जीभ अडखळली. सगळं टेबल आमच्याकडे बघत होतं. भाषा कळत नसली तरी काय चाललंय ते त्यांना कळलं असावं.

दत्तरावांनी काटा ताटात ठेवला. मग म्हणाले, "गुरुजी, 'कै.'चं मला काई वाटलं न्हवतं. लोक आले तर मीच त्यांना चहा पाजला. पर माझी माय. बोट लावून लावून वाचायची ती. तिनं ते वाचलं आन् दिवसभर रडली. मी म्हणायलोय, माय, मी हितं बसलोय की. तर म्हणाली, मास्तरनं लिवलंय, मास्तर चुकत न्हाई." त्यांनी पावाचा तुकडा मोडला. "तुमी येऊन तिला सांगायचं होतं, चुकलो म्हणून. बस. तिच्या दहाव्याला आलाव तुमी. बसलाव. आन् गेलाव."

त्या माउलीला आता कुठे जाऊन सांगणार? मी चष्मा काढला आणि उगीच पुसत बसलो. थोड्या वेळाने दत्तरावांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

"खावा," ते म्हणाले. "गार व्हायलंय."

पाओलाने भीत भीत विचारलं, काय झालं होतं? मी सांगितलं, "मी ह्यांना कागदावर मारलं होतं." तिने ते इटालियनमध्ये केलं. टेबल असं हसलं की झाडावरचे पक्षी उडाले. दत्तराव उभे राहिले, छातीवर हात ठेवून वाकले आणि मराठीतच म्हणाले, "मयत शेवया खायलंय!" ते मी भाषांतर केलं. एक आजीबाई हसून हसून डोळे पुसू लागल्या. रेन्झो मात्र हसला नाही. आमच्याकडे बघत बसला, मग ऑलिव्ह तेलाची बाटली उचलून शेजारच्याला दिली आणि हनुवटीने दुसरं टोक दाखवलं. बाटली हातोहात एत्तोरेपर्यंत गेली. एत्तोरेने तेल घेतलं, बाटली हातोहात परत आली. शब्द एकही नाही. पण पाओलाची आई ताट घेऊन घरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

तासाभराने गट आला. जुलिया रागावलेली होती. मंगल स्कूटरवरून उतरून थेट माझ्यापाशी आली. तिचे डोळे लाल दिसत होते.

"घाटात बोललात ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं," ती म्हणाली. "उषा माझ्या पाठीला डोकं टेकवून रडली. डच लोक विचारत होते, हा माणूस प्रार्थना म्हणतोय का?"

"ज्यांच्यासाठी म्हटलं त्यांनाच नाही ऐकू गेलं," मी म्हणालो.

शेवटच्या दिवशी सिएना पाहिलं. शिंपल्यासारखा उतरता, विटांचा चौक आणि भर दुपारी त्यात आडवी पडलेली माणसं. आम्ही दोघंही पडलो. "हितं बाजार लई चांगला भरंल," दत्तराव आभाळाकडे बघत म्हणाले. मी चौकाचा इतिहास सांगू लागलो. ते पाच मिनिटांत घोरू लागले. तरी मी सांगत राहिलो.

हैदराबादला दोन जीपा उभ्या होत्या. बहिणींनी निरोप घेतला, आम्ही नुसत्या माना हलवल्या. वाटलं, पुन्हा सगळं होतं तसंच होणार की काय? परदेशात माणूस मोकळा होतो. आपल्या गावात आपली खुर्ची, आपला ताठा जागच्या जागी वाट बघत असतो. प्रवासाने माणूस बदलतो असं मी वर्गात पुष्कळदा सांगितलं आहे. आता सांगताना जरा जपून सांगेन.

आठवड्याने सकाळी फोन वाजला.

"गुरुजी, काय करायलाव?"

"काही नाही. तुम्ही?"

"मीबी न्हाई. पाणी सोडलंय केळीला."

पुढे काय बोलावं, दोघांनाही सुचेना. फोन कानाला धरून मी खिडकीपाशी बसलो. पलीकडून मोटारीचा आवाज येत होता, पाटातलं पाणी ऐकू येत होतं, मध्येच त्यांनी कुठल्या तरी बैलाला हाकललं. मंगल चहा घेऊन आली, माझ्याकडे बघत उभी राहिली आणि कासावीस होऊन कुजबुजली, "अहो, बोला की काही तरी!"

मी हाताने तिला थांबवलं आणि म्हटलं, "बोलतोय."