पुण्यातला भात

पुण्याच्या आर्किटेक्चर कॉलेजात माझा नंबर लागला होता आणि मी तिथं गेले नाही, कारण तिथं भात मिळत नाही. आमच्या गावात हे कारण सांगितलं की कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. गोंदियाजवळच्या फुलचूरच्या पुढचं गाव आमचं. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात, आजारी पडलं तर मऊ भात. पोळी हा पाहुण्यांसाठी करायचा उद्योग.

खरं कारण कॉलेजच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं. फीचा कागद मी वाचला, हॉस्टेलचा वाचला, मग पहिला पुन्हा वाचला. म्हटलं, चुकून एखादं शून्य जास्त धरलं असेल. शून्यं बरोबर होती. सोबत आलेले माझे बाबूजी मात्र निवांत होते. त्यांनी येतानाच ठरवलं होतं, बोडीखालची बांधी विकायची. बोडी म्हणजे आमच्या पणजोबांनी गावाला हाताशी धरून खोदलेला तलाव, आणि त्याच्या पाळीखालचं पहिलं शेत, तीच ही बांधी, आमचं. पावसानं कितीही दडी मारली तरी तिथं धान होणारच. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं.

"तू लाइनीत राय, मी चाय पिऊन येतो," म्हणून बाबूजी गेले, ते तासाभरानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसत आले. तोवर मी रांगेतून बाहेर पडले होते. ऑफिसात आज साहेब नाहीत, असं काहीतरी सांगून मी त्यांना स्टेशनावर आणलं.

"विकू नका" म्हणायची सोय नव्हती. बाबूजींना नको म्हटलं की ते काम त्याच दिवशी होतं. मायनं एकदा "या वयात आंब्यावर चढू नका" म्हटलं, तर ते जेवायलाही खाली उतरले नाहीत. म्हणून परतीच्या गाडीत वर्धा येईपर्यंत मी डोकं चालवलं.

"बाबूजी, मले नाही जमत तिथं. पोरींनी सांगतलं, हॉस्टेलात भातच नाही देत. पोयाच पोया. शेवटी वाटीभर भात."

बाबूजी माझ्याकडे बघत राहिले. "वाटीभर?"

"लहान वाटी."

"मंग कायले जातेस मराले," ते म्हणाले, आणि रविवारचं गिऱ्हाईक फोनवरच परत गेलं.

मी गोंदियातच बी.एस्सी.ला नाव घातलं, रोज स्कूटीनं जाऊ लागले. इकडे गावात पुण्याविरुद्ध वातावरण तापलं. त्यात सगळ्यात पुढे बाबूजी. धानाच्या रोवणीच्या वेळी त्यांच्या गोष्टीत वाटी होती. धान निसवून लोंब्या दिसेपर्यंत तिचा चमचा झाला. म्हातारी माणसं सांत्वनाला आल्यासारखी दारात बसून जात. एका आजीनं पदरातून चिन्नोर तांदूळ आणून दिला, "खा माय, वाचली तू." एकाचा मुलगा पुण्यात नोकरीला होता, त्याला बापानं फोन करून दरडावलं, "खरं सांग, उपाशी हायेस का?" तो बिचारा म्हणाला, आत्ताच बिर्याणी खाल्ली. कोणाचा विश्वास बसला नाही. पोट्टा लपवून राहिला, असं ठरलं.

शिक्षा मला झाली. माझ्या डब्याचे तीन कप्पे, त्यातले दोन भाताचे, दाबून भरलेले. आणि गंमत अशी की मला भात फारसा आवडतच नाही. कॉलेजात कुडवा गावची एक मैत्रीण होती. तिला मी भात द्यायचे आणि तिच्या पोळ्या चोरासारख्या खायचे. घरी ताटात एक शीत उरलं तरी सगळे वळून बघत, म्हणून घास गिळत राहायचे. फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानांवर घरांचे नकाशे काढायचे आणि कोणी आलं की वही मिटायचे.

तिसऱ्या वर्षी शेजारच्या काकांच्या मुलीचा पुण्याला नर्सिंगला नंबर लागला. प्रवेशाचा फॉर्म भरायची मुदत संपायचा दिवस आला. काका सकाळीच आमच्या छपरीत, म्हणजे पडवीत, बाबूजींजवळ येऊन बसले. मी तिथंच जेवत होते, जेवून कॉलेजला निघणार होते.

"भाऊ, पोरगी रडून राहिली. पैशाचं तं झालं," ते म्हणाले, "पन भाताचं काय करू? नाही पाठवत मी तिले."

माझ्या थापेपायी ती पोरगी घरी बसणार होती. खरं सांगावं तर बाबूजींना कळणार, की आपल्याला पैसे झेपणार नाहीत असं पोरीनं ठरवून टाकलं होतं. मी ताट बाजूला सारलं. "काका, ते भाताचं..."

"पाठव तिले," बाबूजी मधेच म्हणाले. "भात भेटते तिथं. हिले लाइनीत ठेवून चाय प्याले गेलो, तवा मी सोता खाल्ला. तीन बार घेतला. वाढनारा म्हने, अजून घ्या."

काका ताडकन उभे राहिले. "अन् मंग तीन साल काय सांगून राहिले तुमी गावाले?"

"पोरगी म्हने वाटी. मी म्हनलो चमचा."

काका शिव्या देत फॉर्म भरायला पळाले. छपरीत आम्ही दोघंच उरलो.

"मंग मले तवाच काऊन नाही बोलले?" मी विचारलं.

बाबूजी बोडीकडे बघत होते. "मले बांधी इकाची नव्हती, बाई. तूनं भाताचं काढलं अन् मले बरं वाटलं. तवापासून तुयाकडं पाहाले लाज वाटते."

मला राग आला, फार राग आला. तीन वर्षं मला वाटत होतं की हे खोटं मी एकटीच गिळतेय. "मले जायचं होतं पुण्याले," हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं आणि रडले. बाबूजींनी मला गप्प केलं नाही.

आवाज ऐकून माय आतून पातेलं घेऊनच आली. काय झालं ते तिला कळेना, म्हणून ती सवयीनं माझ्या ताटात वाढायला वाकली. बाबूजींनी तिचा हात धरला.

"तिले पोयी दे," ते म्हणाले. "तिले भात नाही आवडत."

घरात पोळी नव्हतीच. माय पातेलं खाली ठेवून कणीक मळायला गेली.